दाबून कळतो तो दाब

मंडळी, आंबा दाबून बघणाऱ्या गिऱ्हाइकावर बागायतदार कसा खेकसतो, हे देवगडात वेगळं सांगायला नको. पण डोळ्यातला दाब आम्हा डोळ्यांच्या डॉक्टरांना बाहेरून दाबूनच मोजावा लागतो.

त्यासाठी स्वित्झर्लंडच्या गोल्डमन यांनी 1950च्या दशकात काढलेलं उपकरण आजही प्रमाण मानतात. सुन्न करणारा थेंब, थोडा पिवळा रंग, निळा उजेड. समोरच्या पारदर्शक पडद्याचा, म्हणजे कॉर्नियाचा, 3.06 मिलिमीटर व्यासाचा भाग सपाट करायला किती जोर लागतो, त्यावरून आकडा. पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये साधारण 10 ते 21 ठीक. मात्र हे गणित पडदा निरोगी आणि अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड आहे, असं धरून केलेलं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी हाच पडदा कधीकधी सुजलेला असतो. कोकमाचं सोल पाण्यात टाका. फुगतं, जाड दिसतं, पण बोटाला मऊ लागतं. तसा पडदा कमी जोर लावूनच सपाट होतो आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. गंमत म्हणजे निरोगी पडदा जाड असेल तर उलटं होतं, आकडा जास्त येतो. नव्या डॉक्टरची गल्लत होते ती इथेच. माझीही झाली होती. 19 वाचून एका आजोबांना घरी सोडणार होतो. पापणीवरून अलगद बोट लावलं, (तुम्ही घरी हे करू नका) तर दुसऱ्या डोळ्यापेक्षा हा सरळसरळ कडक. पडद्याच्या कडेला, सूज नव्हती तिथे, हातातल्या छोट्या उपकरणाने मोजलं, तर 30च्या वर!

ऑपरेशनच्या वेळी डोळ्यात जेल भरतात. ते थोडं आत राहिलं तर पाणी बाहेर जायची वाट तुंबते आणि पहिल्या काही तासांतच दाब चढतो. आपली माणसं कोल्हापूरला ऑपरेशन करून त्याच दिवशी फोंडा घाट उतरतात. भुवईवर ठणका, उलटी. घरचे म्हणतात, गाडी लागली. असेलही. पण ठणका थांबत नसेल तर रात्रीच फोन करा, सकाळची वाट बघू नका.

काही जणांचा दाब स्टेरॉइडच्या थेंबांनी दोन-तीन आठवड्यांनी वाढतो, तेही दुखल्याखुपल्याशिवाय. दुकानातून तीच बाटली पुन्हा आणू नका.

आणि मोजताना श्वास रोखू नका. एका आजींचा आकडा 24 आला. हनुवटी टेकवून त्या पाण्यात बुडी मारल्यासारख्या बसलेल्या. म्हटलं, "आजी, श्वास घ्या की." 17 झाला. आजी म्हणाल्या, "मगे आधी सांगूचा होता!"