आधी दाशी, मग मिसो

[दृश्य: लाकडी पेटीवरचा रंधा, त्यावर सरकणारा तुकडा, खाली साचणारे गुलाबी पापुद्रे]

रंध्यावर घासला जातोय तो मासा आहे. कात्सुओ, ट्यूनाच्या जातीतला. यातून उतरते दाशी, म्हणजे जपानी सूपचा पाया असलेला पातळ अर्क. असे दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर ठण्ण वाजतात.

[दृश्य: धूरघर, जाळीच्या ताटांवर मांडलेले मासे]

जपानच्या क्यूशू बेटाच्या दक्षिण टोकाला, कागोशिमा प्रांतातलं माकुराझाकी हे बंदर यासाठीच ओळखलं जातं. मासा साफ करून उभा कापतात आणि उकळीच्या जरा खालच्या पाण्यात तास-दीड तास शिजवतात. पाणी खळखळलं तर मांस फाटतं. मग चिमट्यानं एकेक काटा उपटायचा. त्यानंतर टणक लाकडाचा धूर, कित्येक दिवस, पण थांबत थांबत. एका दमात वाळवला तर साल कडक होते आणि ओल आत अडकते. म्हणून धूर, विसावा, पुन्हा धूर. बाजारातल्या पाकिटांत बहुतेक इथवर आलेल्या माशाचेच पापुद्रे असतात.

आपल्यासमोरचा तुकडा त्याच्याही पुढे गेलेला. वरचा काळा थर खरवडून त्यावर मुद्दाम बुरशी चढवतात, उन्हात घालतात, पुसतात, पुन्हा चढवतात. ही बुरशी उरलीसुरली ओल ओढून घेते आणि चरबी फोडते. दाशी नितळ उतरते ती त्यामुळे. काम महिनोनमहिने चालतं आणि शेवटी ताज्या माशाच्या सुमारे एक षष्ठांश वजन हातात उरतं. हाच कात्सुओबुशी.

[दृश्य: गोट्यांचा किनारा, त्यावर ओळीनं पसरलेल्या लांब काळपट पट्ट्या]

देशाच्या दुसऱ्या टोकाला, उत्तरेच्या होक्काइदो बेटावर, कोंबू वाळतोय. हे दाशीत पडणारं समुद्री शेवाळ. जपानचा बहुतेक कोंबू इथलाच. तिथल्या रिशिरी भागातला कोंबू नितळ दाशी देतो, राउसूचा दाट आणि थोडी गढूळ. हिदाकाचा लवकर मऊ होतो, म्हणून तो भाज्यांबरोबर शिजवून खायला बरा. समुद्र तापतोय, कोंबू काढणारे म्हातारे होताहेत, पीक घटतंय.

[दृश्य: घरातला ओटा, काचेच्या भांड्यात बुडालेला कोंबू]

आता घरचं माप. 1 लिटर पाणी, 10 ग्रॅम कोंबू, 20 ते 30 ग्रॅम कात्सुओबुशी. कोंबूवरची पांढरी पूड धुऊ नका, चव तिच्यातही आहे. ओल्या फडक्यानं माती तेवढी पुसा. पाणी मऊ हवं. बोअरच्या जड पाण्यात कोंबूचा अर्क नीट उतरत नाही, तिथं फिल्टरचं पाणी घ्या. अर्धा तास भिजवा, नाहीतर रात्रीच फ्रिजमध्ये ठेवून द्या.

मंद आच, साधारण 10 मिनिटं. तळाशी बारीक बुडबुडे दिसू लागले की कोंबू बाहेर. उकळला तर पाणी बुळबुळीत होतं आणि समुद्री वास चढतो. मग पाण्याला उकळी आणून गॅस बंद करा, कात्सुओबुशी घाला आणि ढवळू नका. एक-दोन मिनिटांत पापुद्रे खाली बसतात. फडक्यातून गाळा, पण पिळू नका; पिळलं की तुरटपणा आणि गढूळपणा उतरतो.

[दृश्य: गाळलेली सोनेरी दाशी]

1908 साली तोक्योच्या विद्यापीठात किकुनाए इकेदा यांनी कोंबूतून ग्लुटामेट हे चवीचं द्रव्य वेगळं काढलं आणि त्याच्या चवीला उमामी हे नाव दिलं. 1913 साली त्यांचे शिष्य शिन्तारो कोदामा यांना कात्सुओबुशीत इनोसिनेट हे तसंच दुसरं द्रव्य सापडलं. दोन्ही एकत्र आली की चव नुसती वाढत नाही, कितीतरी पटीनं खुलते. तयार दाशीच्या पावडरीच्या पाकिटात ही चव मिळते, पण बऱ्याचदा सोबत मीठ आणि साखरही असते. वरून मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची खारट पेस्ट, पडला की सूप खारट. घरच्या दाशीत हाताचं काम जेमतेम पंधरा मिनिटांचं, आणि ते टाळू नये असं आम्हाला ठामपणे वाटतं.

रोजच्या सूपला पुष्कळ घरांत निबोशी वापरतात, म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातला सुकवलेला छोटा मासा. डोकं आणि पोटातला काळा भाग काढा, नाहीतर कडू होतं. लिटरला 20 ग्रॅम, रात्रभर पाण्यात.

[दृश्य: पळीत चॉपस्टिकनं विरघळणारा मिसो, वर येणारी वाफ]

चार वाट्यांना 600 मिली दाशी आणि 50 ते 60 ग्रॅम मिसो. आधी 50च घालून चाखा. क्योतोच्या गोड पांढऱ्या मिसोत मीठ कमी, तो जास्त लागतो. बटाटा किंवा मुळा घालायचा असेल तर गार दाशीपासूनच शिजवा. दीड सेंटिमीटरचे तोफूचे तुकडे नंतर. सुका वाकामे, हेही समुद्री शेवाळच, 3 ग्रॅमच. फुगून दहापट होतो. मिसो गॅस बंद करून पळीत विरघळवा, मग पुन्हा आच द्या आणि कडेला पहिली हालचाल दिसताच उतरवा. उकळलं तर मिसोचा सुगंध उडून जातो.

[दृश्य: गाळलेला चोथा पुन्हा भांड्यात]

त्याच कोंबूवर आणि पापुद्र्यांवर अर्धा लिटर पाणी घालून 10 मिनिटं मंद उकळा. ही दुसरी दाशी भाज्या शिजवायला पुरते. त्यानंतर कोंबू बारीक चिरून सोया सॉस, मिरीन (तांदळाची गोड दारू) आणि थोड्या साखरेत पाणी आटेपर्यंत शिजवा. गरम भातावर चमचाभर घ्या.