चुकीच्या पानावरचा आवाज

नमस्कार. पत्रिकेत माझा विषय ‘बिघडलेलं खेळणं वाद्य कधी होतं?’ असा छापलाय. त्या प्रश्नाकडे मी येणारच आहे. त्याआधी एक विचारतो. लहानपणी खेळणं उघडून ओरडा कुणी कुणी खाल्लाय? वा, बरेच हात वर आहेत. आणि उघडलेलं पुन्हा बंद करता आलं नाही असे किती? तेवढेच! म्हणजे आज सगळी घरचीच माणसं जमली आहेत.

सर्किट बेंडिंग तुम्हाला समजावून सांगायला नको. सेलवर चालणारा जुना कीबोर्ड किंवा बोलणारं खेळणं उघडायचं, बोर्डावर जिथे जोड नाही तिथे वायरने जोड द्यायचा आणि ऐकायचं. आवडलेल्या जोडाला स्विच लावून तो कायमचा करायचा. मात्र फक्त सेलवरचीच वस्तू. भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या वस्तूचं झाकण या कामासाठी कधीही काढू नका. हे मी प्रत्येक भाषणात सांगतो, आजही सांगितलं.

या कलेचा आद्य माणूस म्हणजे अमेरिकेतला रीड गझाला. १९६६ साली त्याच्या टेबलाच्या खणात एक खेळण्यातला ॲम्प्लिफायर पडला होता. तो धातूच्या कशाला तरी टेकून शॉर्ट झाला आणि आपणहून चित्रविचित्र आवाज काढू लागला. दुसऱ्या कुणी आधी सेल काढले असते. हा शाळकरी पोरगा ऐकत बसला. ‘सर्किट बेंडिंग’ हे नाव त्याने दिलं ते १९९२ मध्ये. आधी पंचवीसेक वर्षं काम आणि मग नाव, हा क्रम मला फार आवडतो.

आता माझी गोष्ट. माझ्याकडे अक्षरं म्हणून दाखवणारं एक खेळणं होतं. मागचे चारही स्क्रू काढले तरी झाकण निघेना. पाचवा स्क्रू स्टिकरखाली होता. आत हिरवा बोर्ड, केसासारख्या दोन तारांवर लोंबणारा स्पीकर आणि मोठ्या चिपशेजारी एक बारीक रेझिस्टर, म्हणजे विजेला अडथळा करणारा तुकडा. मी बोट ओलं केलं आणि त्या रेझिस्टरच्या दोन्ही टोकांवर दाबून धरलं. चालू असलेलं अक्षर सरसर वर चढलं. दाब वाढवला की चढायचं, सैल सोडला की उतरायचं. चिप ज्या ठेक्यावर काम करते त्या तिच्या आतल्या घड्याळाचा वेग तो रेझिस्टर ठरवत होता. माझ्या ओल्या कातडीतून विजेला आणखी एक वाट मिळाली, एकूण अडथळा कमी झाला आणि घड्याळ धावायला लागलं. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या क्षणी एवढंच कळलं की हा आवाज माझ्या बोटातून जातोय. रात्रभर मी दुसरं काही केलं नाही.

तिसऱ्या रात्री क्रोकोडाइल क्लिप, म्हणजे वायरच्या टोकाला लावायचे दातेरी चिमटे, आणल्या. वायरचं एक टोक मेमरीच्या चिपच्या एका पायाला, म्हणजे तिच्या कडेच्या धातूच्या टोकाला, आणि दुसरं हातात घेऊन बाकीच्या पायांवर फिरवत होतो. बहुतेक ठिकाणी खरखर, नाही तर शांतता. आणि एका पायावर खेळण्याने म्हणता म्हणता अक्षर मध्येच सोडलं. खाली एक जाड गुणगुण सुरू झाली. तिच्यावर कुणी तोंडाने श्वास आत ओढावा तसा आवाज, थांबून थांबून, आणि प्रत्येक श्वासाच्या शेवटी अर्धवट एक स्वर. पंधरा सेकंद असेल. खूण करायला मी पेन्सिलकडे हात नेला आणि क्लिप सुटली.

पुन्हा त्याच पायावर लावली, तर भलतंच काही. मग मी वही काढली. चिपला २८ पाय होते. वीजपुरवठ्याचे २ सोडले, कारण ते एकमेकांना जोडले तर सेलच शॉर्ट होऊन तापतात. उरले २६. त्यांच्या जोड्या होतात ३२५. तीनशे पंचवीस चौकोन आखले आणि जवळजवळ तीन आठवडे रोज रात्री बसून एकेक जोडी तपासली. दोनदा. तो आवाज पुन्हा आला नाही. अजून आलेला नाही. मला तो आजही ऐकू येतो.

असं का झालं? मोठी चिप मेमरीला पानाचा नंबर सांगते आणि मेमरी त्या पानावरचा मजकूर देते. नंबर नेणाऱ्या दोन तारा एकमेकींना चिकटवल्या की चुकीचं पान उघडतं. पण वाचन कुठवर आलं असताना तुम्ही जोड दिला, यावर पुढचं सगळं ठरतं. शिवाय त्या रात्री सेल उतरलेले होते, आणि शोधायला बसताना मी हौसेने नवे घातले होते.

इथे १९७८ च्या ‘स्पीक अँड स्पेल’बद्दल बोललंच पाहिजे. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचं हे शब्दलेखन शिकवणारं खेळणं. त्यात बोललेला आवाज जसाच्या तसा साठवलेला नाही. सेकंदाला सुमारे ४० वेळा चिपला सूचना मिळतात: स्वर किती उंच, जोर किती, आणि तोंडाचा आकार ठरवणारे दहापर्यंत आकडे. चुकीचं पान उघडलं की त्या आकड्यांतून कुठल्याही घशाला न जमणारं तोंड तयार होतं, आणि ते बोलतं! गझालाने याच यंत्राला वाकवून त्याचं ‘इनकँटर’ नावाचं वाद्य केलं.

कॅसिओ एसके-१ या कीबोर्डबद्दलही सांगायचं होतं. १९८६ चा, ३२ छोट्या पट्ट्यांचा, जेमतेम १.४ सेकंद आवाज टिपणारा. त्याच्यावर स्वतंत्र भाषण होईल. आणि एक तक्रारही मांडायची होती. हल्लीच्या खेळण्यांत चिपवर काळ्या रेझिनचा गोळा ओतलेला असतो. पायच दिसत नाहीत, मग क्लिप लावायची कुठे? मुलांच्या हातात वस्तू द्यायची आणि तिचं पोट असं लिंपून टाकायचं, याचा मला मनापासून राग येतो.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मूळ प्रश्न.

शॉर्ट झाल्याने वाद्य होत नाही. ३२५ जोड्यांतल्या मी सात ठेवल्या. ती निवड, कुठला स्विच कुठल्या बोटाखाली येईल याचा विचार आणि त्या सातांकडे रोज परत जाणं, इथे वाद्य सुरू होतं. चिप जो आवाज करील तो संगीतच, असं मानणारे आमच्यात आहेत. मला ते पटत नाही. तंबोऱ्याची जवारी आठवा. तारेखाली दोरा सरकवून आपण झंकार मुद्दाम आणतो, पण तो दोरा केसभर इकडेतिकडे करत कान किती वेळ बसतो!

दुसरं, वाद्याला हात कळला पाहिजे. ॲमस्टरडॅमच्या स्टाइम या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या संस्थेत मिशेल व्हायझविझने १९७० च्या दशकात ‘क्रॅकलबॉक्स’ केला. सहा धातूच्या पट्ट्या, त्यांवर उघडी बोटं, आणि वाजवणाऱ्याचं शरीर हाच सर्किटचा भाग. घामेजलेला हात वेगळा वाजतो, कोरडा वेगळा. नोटेशन लिहून दुसऱ्याला देता येत नाही. रियाज मात्र करता येतो.

तिसरा मुद्दा राहू द्या, वाजवूनच दाखवतो. पुढच्या रांगेतलं कुणीतरी या. वाटीत पाणी आहे, बोट ओलं करा. हा तो रेझिस्टर, इथे दाबा. रेकॉर्डर मी आधीच चालू केलाय, आणि सेल मुद्दाम अर्धे उतरलेले घातलेत.