सहा वर्षं आली कुठून?

कुर्डुवाडीत येऊन रेल्वेवर बोलायचं म्हणजे पंढरपुरात विठोबावर प्रवचन करण्यासारखं आहे. इथे दर दोन घरांआड माझ्यापेक्षा जास्त जाणणारा कुणीतरी निघेल. म्हणून मी तुमच्या लाइनवर बोलणार नाही, अमेरिकेतल्या लाइनींवर बोलणार आहे. तिकडे दोन रेल्वे कंपन्या एक होऊन कामगाराचं नुकसान झालं, तर कंपनीला सहा वर्षांपर्यंत ते भरून द्यावं लागतं. ती सहा वर्षं आली कुठून, हा आजचा विषय. सुरुवात मात्र इथूनच करावी लागते.

१ जानेवारी १९५४ रोजी बार्शी लाइट रेल्वे सरकारने विकत घेतली. त्याआधी कंपनीने कामगारांना नोटिसा दिल्या होत्या: ३१ डिसेंबरला तुमची नोकरी संपली. बहुतेकांना सरकारने लगेच कामावर घेतलं. रूळ तेच, इंजिनं तीच, मालक तेवढा नवा. युनियनचं म्हणणं असं, की कंपनीने आम्हाला कमी केलंय ना, मग कपातीची भरपाई टाका. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सुप्रीम कोर्टात गेलं. तिथे काय झालं ते जाता जाता सांगतो, कारण अमेरिकेतली गोष्ट ऐकल्यावर ते जास्त लागतं.

दोन रेल्वे कंपन्या एक झाल्या की एका गावात दोन यार्डं होतात, दोन वर्कशॉप, दोन हिशेबाच्या कचेऱ्या. त्यातलं एक पुरतं. विलीनीकरणात 'बचत' म्हणून जो आकडा दाखवतात, त्यातला मोठा हिस्सा म्हणजे कुणाचा तरी पगार. अमेरिकेत कारखाने, बँका, दुकानं अशीच एक होत आली आणि माणसं घरी जात राहिली, सरकारने फारसं विचारलं नाही. रेल्वे कामगाराला मात्र कायद्याचं संरक्षण मिळालं. ते का? सरकारला दया आली म्हणून नव्हे. रेल्वेच्या विलीनीकरणाला सरकारी आयोगाची परवानगी लागायची, आणि परवानगी म्हटलं की अट घालायला जागा मिळते. कामगारांच्या पुढाऱ्यांनी ही जागा बरोबर हेरली.

१९२०च्या कायद्याने सरकारच म्हणत होतं, की शेकडो छोट्या कंपन्या मोडून थोड्या मोठ्या करा. मग मंदी आली. १९२० साली रेल्वेत वीस लाखांच्या आसपास माणसं होती, १९३३पर्यंत ती निम्म्यावर आली. त्या वर्षी रूझवेल्ट सरकारने तातडीचा कायदा केला. जोसेफ ईस्टमन नावाच्या अधिकाऱ्याला समन्वयक नेमलं आणि सांगितलं, कंपन्यांची दुहेरी कामं एकत्र कर, खर्च कमी कर. पण युनियनांनी त्याच कायद्यात एक कलम घालून घेतलं: या कायद्याखाली जे कराल त्यामुळे मे १९३३ची हजेरीपटावरची संख्या घटता कामा नये. मृत्यू, निवृत्ती, राजीनामा यांनी जागा रिकाम्या होतील तेवढ्याच, आणि त्याही वर्षाला पाच टक्क्यांपर्यंतच धरायच्या. एका हाताने खर्च कमी करायचा, दुसऱ्या हाताने माणूस हलवायचा नाही! ईस्टमनच्या हातून एकत्रीकरण फारसं झालंच नाही.

तो कायदा जून १९३६मध्ये संपणार होता. कंपन्या वाट बघत होत्या. युनियनांनी संसदेत आणखी कडक विधेयक आणवलं. रूझवेल्टने दोघांना सांगितलं, आपसात बसून मिटवा. २१ मे १९३६ रोजी वॉशिंग्टनमध्ये करार झाला. क्लार्क लोकांच्या युनियनचे जॉर्ज हॅरिसन हे त्यातले मुख्य वाटाघाटी करणारे. नव्वद दिवसांची आगाऊ नोटीस. नोकरी गेली तर सरासरी पगाराच्या साठ टक्के रक्कम, सेवा पंधरा वर्षांवर असेल तर पाच वर्षं. खालच्या जागेवर जावं लागलं तर पगारातला फरक कंपनीने भरायचा. बदलीमुळे घर पडेल भावाने विकावं लागलं तर त्यातला तोटाही कंपनीचा. हे शेवटचं कलम मला फार आवडतं. टेबलाच्या त्या बाजूला बसलेल्या कुणीतरी बदलीत स्वतःचं घर विकलेलं असणार असं वाटतं. हा माझा आपला तर्क.

तर नोकरी कायम राहील असं या करारात कुठेच म्हटलेलं नाही. जाईल, पण फुकट जाणार नाही, एवढंच म्हटलंय. पुढची सगळी भांडणं याच फटीत झाली. १९३९मध्ये तिथलं सुप्रीम कोर्ट म्हणालं, अशा अटी घालायचा आयोगाला अधिकार आहे. १९४०मध्ये आयोवाचे खासदार हॅरिंग्टन यांनी दुरुस्ती आणली, की ज्याने एकाचीही नोकरी जाईल असं विलीनीकरणच नको. ती घासून घासून शेवटी 'चार वर्षं कामगाराची स्थिती आधीपेक्षा वाईट होऊ नये' एवढ्यावर आली. १९६०मध्ये ईरी आणि लॅकवाना या कंपन्यांच्या विलीनीकरणात रूळ-दुरुस्तीवाल्यांची युनियन कोर्टात गेली. चार वर्षं म्हणजे चार वर्षं नोकरीच, असा तिचा दावा. १९६१मध्ये कोर्ट म्हणालं, नाही, पैसे दिले की झालं.

आता जरा पेन सेंट्रलपाशी थांबू. पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क सेंट्रल, एकमेकींच्या उरावर बसलेल्या दोन जुन्या बलाढ्य कंपन्या. युनियनांचा विरोध मावळावा म्हणून १९६४मध्ये करार केला: विलीनीकरणामुळे कुणाचीही नोकरी जाणार नाही, हयातभर. आधी घरी बसवलेल्या सुमारे पाच हजार लोकांना परत बोलावलं. १ फेब्रुवारी १९६८ला कंपन्या एक झाल्या आणि २१ जून १९७०ला दिवाळं वाजलं. बरेच जण अजून सांगतात, त्या हमीने कंपनी बुडवली. मला ते पटत नाही. दोघींचे संगणक एकमेकांशी बोलत नव्हते, मालगाड्यांचे डबे यार्डात हरवत होते, व्यवस्थापनात दोन तट होते. हमीचा भार पडला, पण बुडणाऱ्या जहाजावरच्या एका पेटीवर सगळा दोष कसा टाकणार? एक मात्र खरं, की हयातभराची हमी देणारा स्वतः अडीच वर्षं टिकला नाही. पुढे तिची जागा घ्यायला सरकारी पैशाने कॉनरेल ही कंपनी निघाली. तिथे पाच वर्षं सेवा झालेल्याला वयाच्या पासष्टीपर्यंत हमी होती, पंचवीस कोटी डॉलर बाजूला काढले होते. ते पुरले नाहीत आणि १९८१मध्ये संसदेने ती हमीच रद्द केली.

सहा वर्षांचा आकडा मधल्या काळात रुजला. प्रवासी गाड्या चालवणारी अ‍ॅमट्रॅक ही कंपनी निघाली तेव्हा १९७१मध्ये मजूर खात्याने सहा वर्षांच्या अटी मंजूर केल्या, १९७६च्या कायद्याने त्या विलीनीकरणांनाही लावल्या. आणि १९७९मध्ये आयोगाने त्यांचा पक्का मसुदा केला तो न्यूयॉर्क डॉक या कंपनीच्या प्रकरणात. ही कंपनी केवढी? ब्रुकलिनच्या धक्क्यावर बार्जवरून डबे उतरवून घेणारी, शेजारची तसलीच एक चिमुकली लाइन ताब्यात घेऊ पाहणारी. तिच्या नावाने 'न्यूयॉर्क डॉक अटी' आज अर्धा खंड व्यापणाऱ्या कंपन्यांना लागू होतात.

त्या चालतात कशा ते कागदावर मांडू. एका क्लार्कने विलीनीकरणात जागा जाण्याआधीच्या बारा महिन्यांत ४८ हजार डॉलर कमावले. महिन्याची सरासरी ४ हजार. त्याची जागा गेली. तो ज्येष्ठता यादीत आपल्याखालच्याला उठवतो, तो त्याच्या खालच्याला. तिकडे याला 'बंप' म्हणतात, आपण सरळ 'खो' म्हणू. नव्या जागेवर ३,३०० मिळाले, तर वरचे ७०० कंपनी भरणार, सहा वर्षं. सेवाच चार वर्षांची असेल तर चारच वर्षं. पण तिथेच, घर न हलवता, ३,८००ची जागा ज्येष्ठतेने मिळत असताना त्याने घेतली नाही, तर तो ३,८००वरच आहे असं धरायचं, मिळणार २००. स्वखुशीने रजा घेतली तर तेवढे कापणार. दर महिन्याला फॉर्म भरायचा. आणि खोच्या साखळीत शेवटी जो मैदानाबाहेर जातो तो सर्वांत तरुण, सर्वांत कमी सेवेचा. म्हणजे ज्याचा भत्ता सर्वांत आधी संपणार तो.

पण रेल्वे कामगाराची खरी इस्टेट पगार नव्हेच, ती ही यादी. कुठली पाळी, कुठली गाडी, रविवारी घरी की यार्डात, सगळं यादीतल्या नंबरावर. दोन कंपन्यांच्या याद्या एकत्र करताना तारखेप्रमाणे वेणी घातली तरी कुणीतरी चाळिसावरून ऐंशीवर जातो. त्याच्या रविवारला फरक भत्ता नसतो.

त्यात १९९१चा निकाल आला. नॉरफोक अँड वेस्टर्न या रेल्वे कंपनीचं, गाड्यांना इंजिनं वाटून देण्याचं काम व्हर्जिनियातल्या रोआनोकहून अटलांटाला न्यायचं होतं. अटलांटात ते काम युनियनच्या कराराबाहेर होतं. सुप्रीम कोर्टाने सांगितलं, मंजूर विलीनीकरण पार पाडायला आड येत असेल तर कायद्याप्रमाणे युनियनचा करारही बाजूला ठेवता येतो. ज्या परवानगीच्या बळावर अटी मिळवल्या, त्याच परवानगीने आता करार मोडता येऊ लागला. जुलै २०२५मध्ये युनियन पॅसिफिक आणि नॉरफोक सदर्न यांनी विलीनीकरण जाहीर केलं, तेव्हा 'हयातभराची नोकरी' हे शब्द पुन्हा ऐकू आले. पेन सेंट्रल आठवणारे अजून आहेत तिकडे.

आता बार्शी लाइट. २७ नोव्हेंबर १९५६ रोजी सुप्रीम कोर्टाने निकाल दिला: कपात म्हणजे चालू धंद्यातली जास्तीची माणसं कमी करणं, मालकाने धंदाच दुसऱ्याला दिला तर ती कपात नव्हे, भरपाई नाही. संसदेला ते खटकलं. १९५७मध्ये औद्योगिक विवाद कायद्यातलं २५ एफएफ हे कलम नव्याने लिहिलं: धंदा हस्तांतरित झाला आणि नव्या मालकाकडे सेवा अखंड, पूर्वीच्याच अटींवर चालू राहिली नाही, तर भरपाई द्यायची. कलम मागल्या तारखेपासून लागू केलं. ती तारीख २८ नोव्हेंबर १९५६.