उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला दुष्काळ तुम्हाला आठवतो का?

सलाम मंडळी, आज एक छोटी टेस्ट. येशूनं सांगितलेली उधळ्या पुत्राची गोष्ट, बायबलमधलं लूक 15, मनातल्या मनात सांगा बरं, व्हिडिओ पॉज करा हवं तर.

झालं? आता सांगा, दुष्काळ आला का तुमच्या गोष्टीत?

बहुतेकांचा येत नाही. पोरगा वाटणी घेऊन गेला, पैसे उडवले, डुकरं राखायला लागला, घरी आला. पण 14वं वचन उघडा, त्या देशात मोठा दुष्काळ पडला असं सरळ लिहिलंय. मार्क अ‍ॅलन पॉवेल नावाच्या अमेरिकन अभ्यासकांनी हेच करून बघितलं, लोकांना गोष्ट वाचायला दिली आणि मग आठवून सांगायला लावली. अमेरिकेत 100 जणांपैकी फक्त 6 जणांना दुष्काळ आठवला, आणि रशियात सेंट पीटर्सबर्गला 50 पैकी 42 जणांना. का, तर हे शहर म्हणजे जुनं लेनिनग्राड, 1941 ते 44 वेढ्यात अडकलेलं, तिथं लाखो माणसं भुकेनं मेली. घराघरात ती आठवण आहे, मग दुष्काळ कसा सुटेल नजरेतून?

मी हे आजीवर ट्राय केलं. आजी नगरकडची, 72 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली, मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढलेली. तिनं गोष्ट सुरूच तिथून केली! म्हणाली, "अरे पैसे संपले ते संपले, पण दुष्काळात कोण कुणाला इचारतंय, म्हणून तर डुकरांच्या शेंगासुद्धा कुणी देईना त्याला." आणि मी इतकी वर्षं संडे स्कूलमध्ये पोरांना 'उधळपट्टी करू नका' एवढंच शिकवत होतो 😅

म्हणजे देव कसा आहे हे आपण बायबलमधून शिकतो हे खरं, पण वाचायला बसतो तेव्हा आपलं घर, आपला बाप, आपला साहेब, आपली भूक सगळं शेजारी येऊन बसलेलं असतं. माझंच सांगतो, रविवारी चर्च बुडवलं आणि सोमवारी गाडी पंक्चर झाली की पहिला विचार काय, देवानं दाखवला हिसका! हे मी कुठल्या वचनात वाचलं? कुठंच नाही, शाळेतल्या हजेरीपटातून आलंय ते.

आणि मजा बघा, या गोष्टीतली दोन्ही पोरंसुद्धा हेच करतात. धाकटा वाटेत भाषण पाठ करतो, मला मोलकरी म्हणून ठेवा. मोठा, धाकटा परत आला म्हणून चाललेली मेजवानी बघून अंगणात चिडून बापाला म्हणतो, इतकी वर्षं चाकरी केली, एक करडूसुद्धा दिलं नाही. म्हणजे दोघांच्याही डोक्यात बाप नाहीच, मालक आहे! एक मजुरी मागायला आलाय, दुसरा थकलेली मजुरी मागतोय. 19वं आणि 21वं वचन शेजारी ठेवून वाचा, धाकट्याचं ते मोलकरीवालं वाक्य तोंडातून निघतच नाही, त्याआधीच बाप झगा आणा, अंगठी आणा म्हणून ओरडायला लागतो.

पण मनात आधीपासून असलेलं सगळं वाईटच असतं असं मला नाही वाटत हां. कवी ना. वा. टिळकांनी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांचा अभंग काही सोडला नाही, तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणायचे. विठाईला माउली म्हणणाऱ्या भाषेतला हा माणूस, त्यानं ख्रिस्तालाही माउली म्हटलं. काहींना आजही ते खटकतं, देव बाप आहे, आई कुठून आली म्हणतात, तर यशया 66:13 काढा, आई जशी सांत्वन करते तसा मी करीन, देवाचाच शब्द आहे. ते वचन होतंच तिथं, दुष्काळासारखंच.

तर या आठवड्यात घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला ही गोष्ट सांगायला लावा, मध्ये बोलू नका, आणि त्यांनी सुरुवात कुठून केली ते खाली कमेंटमध्ये लिहा.