डायल आधी पालथी करा

घड्याळाची सुटी डायल हातात आली की माणूस पहिलं काय करतो? कंपनीचं नाव वाचतो. आणि खोट्या डायलवर नाव छापणं तर सगळ्यात सोपं. म्हणून माझं गेली कित्येक वर्षं एकच सांगणं आहे: आधी ती पालथी करा. पाठीवरचं पितळ, डायल मशीनमध्ये बसवायच्या बारीक खुंट्या म्हणजे पाय, ठसे बघा. चेहरा मागाहून.

पण नुसत्या पाठीवरही विसंबू नका. का, ते सांगतो.

माझे मामा बोटीवर होते. १९६० च्या दशकात एडनला घेतलेलं ओमेगा सीमास्टर त्यांनी शेवटपर्यंत वापरलं. डायल सायीच्या रंगाची झालेली, बाराच्या आकड्याशी एक डाग. तो कुठल्या बंदरात पडला हे मामा दर वेळी रंगवून सांगायचे. ते गेल्यावर मामीने घड्याळ सर्व्हिसिंगला दिलं. परत आलं ते चकचकीत. मामीला कोण आनंद! मी मात्र त्या रात्री जागाच राहिलो, कारण उशाशी ठेवलेल्या त्या डायलवरच्या खुणा पहाटेपर्यंत हिरव्या चमकत होत्या. आणि खाली सहापाशी छापलंय, 'टी स्विस मेड टी'.

आपल्याकडे अंधारात चमकेल त्याला सरसकट रेडियम म्हणतात. हा 'टी' ट्रिटियमचा, म्हणजे खुणा चमकवायला वापरायचे त्या किरणोत्सारी पदार्थाचा. त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, म्हणजे पन्नास वर्षांत उरतो जेमतेम सोळावा हिस्सा. असली डायल रात्रभर चमकूच शकत नाही. दुकानदाराने मूळ डायल घासून, रंगवून, नव्याने छापली होती. पालथी केली तर पितळ जुनंच, पाय जुनेच. पाठ खरी, चेहरा खोटा! मामांचा डाग गेला. कुणी विचारलंसुद्धा नाही, हे मला अजून सलतं. बाहेरचे संग्राहक अशा रंगवलेल्या घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. ते ऐकून वाईट वाटतं, कारण याच मुंबईत फार हुशार हातांचे कारागीर आहेत. तुम्ही घड्याळ द्याल तेव्हा बजावून सांगा, डायलला हात लावायचा नाही.

संयोजकांची चिठ्ठी आलीय, बोलायला पाच मिनिटं उरलीत. कबूल केलेला विषय, खरी-खोटी डायल कशी ओळखायची, आता भराभर सांगतो.

पाय त्या-त्या मशीनच्या भोकांत बसायला हवेत. रोलेक्सच्या नावाच्या कितीतरी खोट्या डायली इटीए या दुसऱ्या कंपनीच्या २८२४ किंवा २८३६ मशीनसाठी काढलेल्या असतात. पाय कापून मागे दुहेरी चिकटपट्टी लावलेली असेल तर सावध व्हा.

साधारण १९६६ पर्यंतच्या रोलेक्सच्या काळ्या चकचकीत डायलवर सोनेरी अक्षरं छापलेली नसतात. खालचं सोनेरी पितळ तेवढं उघडं ठेवून भोवती काळा थर दिलेला असतो. दहापट भिंगातून अक्षर खोलात दिसलं पाहिजे. सोनेरी शाई वर बसलेली दिसली तर घेऊ नका. घड्याळ किती खोल पाण्यात चालेल तो आकडा मात्र कधी वरून चंदेरी छापतात, त्याला घाबरू नका.

रेडियमची डायल आज चमकत नाही, पण किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर तिच्याजवळ कडकडतो. ती खरवडू नका, धूळ घातक असते.

'सिंगर' हा डायल बनवणाऱ्याचा ठसा. अमेरिकन नट पॉल न्यूमनचं रोलेक्स डेटोना घड्याळ २०१७ साली न्यूयॉर्कला लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरला गेलं. त्या जातीच्या डायलच्या पाठीवर हा ठसा असतो. पण ठसाही मारता येतो, तेव्हा ठसा, पाय आणि छपाई तिन्ही एकमेकांशी जुळतात का ते बघा.

भिंगं आणलीत ना? टेबलावर तीन डायली ठेवल्यात. एक मामांचीच आहे. या, पालथ्या करून बघा.