कयाक हलकी होते ती नेमकी कशाने?

नमस्कार मंडळी! एकट्याने वल्हवायची स्प्रिंट कयाक, म्हणजे के-1 ही शर्यतीची अरुंद होडी, लांबीला 520 सेंटीमीटरपर्यंत असते आणि स्पर्धेत तिचं वजन किमान 12 किलो भरावं लागतं. पाच मीटरची बोट एका खांद्यावर सहज जाते! हे जमतं कसं?

लोक पहिला प्रश्न विचारतात, "कार्बन फायबरची आहे का?" मी आधी विचारेन, "रेझिन किती आहे?" रेझिन म्हणजे धाग्यांच्या कापडात भरतात तो, नंतर कडक होणारा चिकट द्रव. ताकद असते ती धाग्यांत. रेझिनचं काम धागे जागच्या जागी धरून ठेवायचं. जास्तीचं रेझिन म्हणजे फुकटचं वजन.

साच्यात कापड अंथरून ब्रश-रोलरने रेझिन भरलं, की साधारण कापडाच्या वजनाएवढं रेझिन आत राहतं. आपल्या कोकणातल्या फायबरच्या होड्या अशाच हाताने भरतात, आणि त्या कामाला ते योग्यही आहे. तिथे जाडी हवीच असते. कयाकवर मात्र प्लास्टिकची पिशवी ताणून बसवतात, कडा सील करतात आणि पंपाने हवा ओढून घेतात. आत पूर्ण निर्वात झालं तर बाहेरची हवा दर चौरस मीटरवर जवळपास 10 टनांनी दाबते. जादा रेझिन शोषक कापडात उतरतं आणि रेझिनचा वाटा एकूण वजनाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत खाली येतो. मला तर या सगळ्या कामातली हीच पायरी सगळ्यात सुंदर वाटते.

आता ताठपणा. हा बघा खोक्याचा पुठ्ठा. दोन पातळ कागद, मध्ये पोकळ नळ्या, आणि तरी सहज वाकत नाही. बोटीतही तेच: बाहेर-आत पातळ थर, मध्ये फोम किंवा मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी. एकाच पदार्थाचा पत्रा दुप्पट जाड केला तर वाकायला आठपट विरोध करतो, पण वजनही दुप्पट होतं. मध्ये हलका गाभा घातला की जाडी मिळते आणि वजन मात्र जेमतेम वाढतं. बोट लवचीक राहिली तर वल्ह्याची थोडी ताकद तिला वाकवण्यातच जाते, म्हणून हे महत्त्वाचं.

मग धागा कुठला, कार्बन की केवलार? केवलारचा धागा ड्यूपॉन्ट कंपनीच्या स्टेफनी क्वोलेक यांनी 1965 साली शोधला. तो कार्बनपेक्षाही हलका. ओढ भरपूर सोसतो, पण दाबाखाली लवकर हार मानतो. कार्बन ताठ आहे, पण खडकावर जोरात आपटला तर तडकतो. केवलारचे धागे सहसा तुटत नाहीत, त्यामुळे तडा गेला तरी बोट एकसंध राहते. म्हणून अनेक बोटींत दोन्ही वापरतात. खडकाळ किनाऱ्यावर वल्हवणाऱ्यांना मी नुसत्या कार्बनची बोट घ्यायला सांगणार नाही.

आणि केवलारची बोट उन्हात उघडी ठेवू नका. अतिनील किरणांनी तो धागा कमजोर होतो. सावली नसेल तर निदान जाड कव्हर घाला.