कृष्णधवल फिल्म: रोल बंद का पडतो, परत कसा येतो

[दृश्य: पूर्ण काळोख. फक्त यंत्राची घरघर.]

पडद्यावर काही दिसत नाही, पण बिघाड झालेला नाही. कृष्णधवल फिल्म तयार होते ती अशाच अंधारात. मीटरभराहून रुंद असा पारदर्शक पट्टा यंत्रातून सरकतोय आणि त्यावर जिलेटिनमध्ये कालवलेल्या चांदीच्या क्षारांचा, म्हणजे इमल्शनचा थर बसतोय. वाळल्यावर हा थर केसापेक्षा पातळ होतो. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखा बसावा लागतो. मध्ये हवेचा बुडबुडा आला, तर तेवढा भाग बाद.

आजकाल फिल्म वापरतं तरी कोण, असं लोक विचारतात. त्यापेक्षा विचारण्यासारखं हे आहे, की गिऱ्हाईक असूनही एखादी फिल्म बंद का पडते?

[दृश्य: पांढऱ्या कागदावर पेन्सिलने मांडलेला हिशेब]

समजा, पट्टा १.३ मीटर रुंद आणि १,००० मीटर लांब आहे. ३५ मिलिमीटरच्या उभ्या पट्ट्या कापल्या तर रुंदीत ३७ बसतात. ३६ फोटोंच्या रोलला साधारण १.६५ मीटर फिल्म लागते. म्हणजे एका खेपेत २२,००० रोल. कडेची कातरण आणि यंत्र स्थिरावेपर्यंत वाया जाणारी लांबी वजा केली, तरी आकडा हजारांतच राहतो. खेप आणखी छोटी करावी, तर वाया जाणारी लांबी तेवढीच राहते आणि प्रत्येक रोल महाग पडतो.

आता एखादी फिल्म वर्षाला जेमतेम दोन हजार रोल खपते असं धरा. एक खेप संपायला दहा-अकरा वर्षं लागतील, आणि खोक्यावर तर मुदतीची तारीख छापावी लागते. मोठे गुंडाळे थंडीत ठेवून ही मुदत थोडी ताणता येते, पण दहा वर्षं नाही. गिऱ्हाईक असतंच, यंत्राच्या मापाला मात्र पुरत नाही.

कोडॅकची प्लस-एक्स २०११ मध्ये गेली. टी-मॅक्स पी३२०० २०१२ मध्ये बंद झाली आणि २०१८ मध्ये परत आली. फुजीने त्याच २०१८ मध्ये अ‍ॅक्रॉस १०० थांबवली. पुढच्याच वर्षी अ‍ॅक्रॉस टू बाजारात आली, पण खोक्यावर जपानऐवजी ब्रिटनचं नाव होतं. नाव एकाचं, कारखाना दुसऱ्याचा, हे या धंद्यात आता सर्रास चालतं.

[दृश्य: टेबलावर वेगवेगळ्या रंगांची खोकी]

खोकी बरीच दिसतात, कारखाने थोडेच. मोठ्या प्रमाणावर कृष्णधवल फिल्म बनवणाऱ्यांत इंग्लंडमधल्या मोबर्लीचा इलफर्डचा कारखाना आहे, अमेरिकेत रॉचेस्टरला कोडॅक आहे आणि चेक प्रजासत्ताकात ह्राडेट्स क्रालोव्हे इथे फोमा. बेल्जियममधल्या अग्फाची हवाई छायाचित्रणाची फिल्म कापून कॅमेऱ्याच्या डब्यांत भरली जाते. बाकीचे उत्पादक लहान आहेत. इलफर्ड २००४ मध्ये दिवाळखोरीच्या दारात होती. तिथल्याच व्यवस्थापकांनी पुढच्या वर्षी धंदा विकत घेतला आणि हारमन या नावाने तो पुढे चालवला. कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता, तरी १९५४ पासून ३५ मिलिमीटरमध्ये मिळणारी ट्राय-एक्स आजही मिळते.

एवढ्या पडझडीत कृष्णधवल तगली, कारण ती साधी आहे. रंगीत निगेटिव्हला डझनभराहून जास्त थर लागतात आणि ती धुताना तापमान ३७.८ अंशांवर काटेकोर राखावं लागतं. कृष्णधवलला इमल्शनचे एक-दोन थर पुरतात आणि २० अंशांचं पाणी चालतं. शिवाय डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, घरी कालवता येतो.

[दृश्य: तराजू, काचेचं भांडं, हातमोजे घातलेले हात]

हा डी-७६ नावाचा डेव्हलपर. कृती १९२७ पासून सगळ्यांना ठाऊक. साडेसातशे मिलिलिटर पाणी, सुमारे ५० अंश गरम. त्यात आधी सोडियम सल्फाइटची नुसती चिमूट टाकायची, मग मेटॉल २ ग्रॅम. ते पुरतं विरघळल्यावर उरलेलं सल्फाइट, एकूण १०० ग्रॅम. मग हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स, म्हणजे टाकणखार, २ ग्रॅम. शेवटी पाणी घालून एक लिटर करायचं. क्रम बदलायचा नाही. सल्फाइट सगळं आधी टाकलं तर मेटॉल विरघळत नाही, भांड्यात पांढरे कण तरंगत राहतात. उलट ती पहिली चिमूट चुकवली, तर मेटॉल हवेने तपकिरी पडायला लागतं. हातमोजे हवेतच, मेटॉलने कित्येकांच्या हाताला खाज सुटते.

पण एक फिल्म गेली की दुसरी घ्यावी, इतकं ते सोपं नाही. रात्री कॅमेरा तिपाईवर आहे आणि प्रकाश मोजणारा मीटर १० सेकंद सांगतोय. इतक्या लांब वेळेला काही फिल्मना मीटरने सांगितल्याहून जास्त वेळ द्यावा लागतो. अ‍ॅक्रॉस टूला १० सेकंदच पुरतात, तिला १२० सेकंदांपर्यंत वाढ लागत नाही. फोमापान १०० ला मात्र कारखान्याच्या तक्त्याप्रमाणे आठपट, म्हणजे ८० सेकंद द्यावे लागतात. दोन्ही खोक्यांवर आयएसओ, म्हणजे उजेडाला फिल्म किती संवेदनशील ते, १०० च छापलेलं असतं. हा फरक न पाहता फिल्म बदलली, तर सावल्यांच्या जागी निगेटिव्ह कोरी काच होऊन हाती येते.

कधी कधी फिल्म तयार असते आणि अडतं भलत्याच गोष्टीवर. कापणं, छिद्रं पाडणं, डबीत भरणं या कामांची यंत्रं वेगळी असतात. इमल्शन लावणारं यंत्र काही तासांत जे पुरवतं, ते डब्यांत भरायला याच यंत्रांना कितीतरी जास्त वेळ लागतो. मध्यम आकाराच्या १२० रोलला तर मागे कागद लागतो, आणि हा कागद दिसतो तितका साधा नाही.

[दृश्य: निगेटिव्ह भिंगाखाली. आकाशात पुसटसा आकडा.]

ढगाच्या बाजूला नीट बघा, '७' दिसतो. मागच्या कागदावरच्या शाईचा हा ठसा आहे. रोल उष्ण, दमट जागी फार दिवस राहिला की शाई इमल्शनवर काम करते, आणि सपाट आकाशात ते लगेच कळतं. धुऊन झाल्यावर याला इलाज नाही.

फिल्म मिळेनाशी होईल या धास्तीने फ्रीजर भरून ठेवणारे पुष्कळ आहेत. त्याने काम होतं, नाही असं नाही, पण मर्यादेत. थंडीने रासायनिक बदल मंदावतात. निसर्गातला किरणोत्सर्ग मात्र चालूच राहतो, आणि ३२०० सारख्या जलद फिल्मवर त्याची धुरकट झाक सगळ्यात आधी चढते. फ्रीजरमधला रोल रात्रभर बाहेर ठेवावा आणि मगच डबी उघडावी. घाईने उघडली की इमल्शनवर दव धरतं आणि डाग पडतात. इलफर्डची पॅन एफ प्लस तर फोटो काढून झाल्यावर ठेवूच नये. तिच्यातली सुप्त, म्हणजे धुण्याआधीची न दिसणारी प्रतिमा विरत जाते, म्हणून तीन महिन्यांच्या आत ती धुवावी. आणि एक कटू गोष्ट: एका वर्षी शंभर रोल घेऊन पुढची पाच वर्षं काहीच न घेणारं गिऱ्हाईक कारखान्याला फारसं उपयोगी नसतं. दर दोन महिन्यांनी चार रोल घेणारं जास्त उपयोगी.

खर्च वाचवायचा तर ३०.५ मीटरचा मोठा गुंडाळा घ्यावा. तो कापून स्वतः डब्यांत भरला, की ३६ फोटोंचे अठरा रोल निघतात. डबीच्या तोंडाच्या मखमलीत वाळूचा एक कण अडकला, तरी रोलभर एक सरळ रेघ ओढली जाते. मधल्या रिळाला लावलेली चिकटपट्टी तकलादू असेल तर शेवटच्या फोटोला फिल्म सुटून येते आणि कॅमेरा अंधारातच उघडावा लागतो. रिळाला चिकटवलेल्या टोकावर उजेड पडलेला असतो, म्हणून शेवटच्या दोन फोटोंवर भरवसा ठेवू नये.

आणि जुन्या डेव्हलपरची शंका आली, तर रोलच्या तोंडाचा कापलेला तुकडा उजेडातच त्यात बुडवा. काही मिनिटांत तो काळा कुळकुळीत झाला पाहिजे. राखाडीच राहिला तर डेव्हलपर ओतून द्या.

[दृश्य: मोठ्या लाकडी कॅमेऱ्यात शीट फिल्म सरकवणारा हात]

या कॅमेऱ्याला रोल नाही, शीट म्हणजे फिल्मचं सुटं पान लागतं, आणि त्याचं माप दुकानात मिळत नाही. इलफर्ड असली आडमापं वर्षातून एकदा, ठरावीक मुदतीत, आगाऊ मागणी घेऊन कापून देते. त्या काही आठवड्यांत जगभरातून विखुरलेली मागणी एकत्र येते आणि तिच्यापुरती फिल्म कापली जाते. मुदत चुकली, तर पुढच्या वर्षी.